पाणवठा नंबर दोन

गार्डभाऊ कुणाच्याही घरी आले की आधी माणसांकडे बघत नसत, चपलांकडे बघत. दोन्ही हात मागे बांधून दारातला तो ढीग नीट न्याहाळत आणि मग आत आवाज देत, "सर, पाहुण्या बाईचा डावा पाय दुखून राह्यला, त्यायले खुर्ची द्या." आत माझी मेहुणी खरोखरच सतरंजीवर अवघडून बसलेली असे. एकदा माझ्याच चपलेकडे बघून म्हणाले, "आज शाळेतून सीधे घरी नाई आले तुम्ही." मी पानठेल्यावर थांबलो होतो आणि बायकोला मीटिंग सांगितली होती. खरं तर मी त्याच दिवशी सावध व्हायला हवं होतं.

सगळी नोकरी त्यांनी जंगलात बीटगार्ड म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर मूल गावी आमच्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं. बायको आधीच गेलेली, मुलगी कल्पना पुण्यात. मी शाळेत शिक्षक, मुळात कमी बोलणारा. लोक त्याला सभ्यपणा समजतात. ज्याच्याजवळ लपवण्यासारखं काही असतं त्याला कमी बोलणं सोयीचं पडतं, एवढंच. गार्डभाऊंबद्दलचं जे लपवलं, ते आता लिहून टाकतो.

त्यांच्या घरी वायफाय आलं ते नातीसाठी. सम्यका पाच वर्षांची. दर रविवारी दुपारी तिला टॅबवर आबा दिसायला हवेत, म्हणून कल्पनानं राऊटर बसवून दिला. बसवणारा पोरगा तो टेबलावर ठेवून गेला, ते भाऊंना पटलं नाही. "एवढ्या खालून काय दिसन त्याले?" त्यांनी बांबू तासून, सुतळीनं बांधून एक छोटं मचाण केलं, कपाटावर चढवलं आणि राऊटर त्यावर बसवला. दोन्ही अँटेना कान टवकारल्यासारख्या उभ्या केल्या. नेटवर्कला नाव काय द्यायचं, असं मी विचारलं तर म्हणाले, "पाणवठा नंबर दोन."

"दोन कशाला?"

"एक जंगलात आहे ना सर."

त्या मचाणाला हसलो होतो, पण घरातल्या मोरीपर्यंत रेंज पोचली. भाऊंना हे तंत्र कळत नव्हतं अशातला भाग नाही, त्याचे शब्द कळत नव्हते. ते विचारायला ते माझ्याकडे येत. मी शिक्षकी थाटात सांगायचो आणि ते माझी वाक्यं जंगलात नेऊन परत आणायचे. "आयपी अॅड्रेस म्हणजे जनावर आज कुठी बसलं ती जागा. उद्या दुसरीकडं बसन. अन् मॅक अॅड्रेस म्हणजे अंगावरचे पट्टे. जागा बदलते, पट्टे नाई बदलत." वायफायच्या दोन लहरींमधला फरक मी फळ्यावर शिकवल्यासारखा अर्धा तास समजावला. ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे एक बैलगाडीचा रस्ता. हळू जाते पण झाडीतून पार निंगते. दुसरा जीपचा. लय जोरात, पण भित आली का खतम." पुढे शाळेत मुलांना मी हेच सांगू लागलो, स्वतःचं म्हणून.

पासवर्ड टाकून दिला तो मीच. त्याच संध्याकाळी घरी येऊन तोच पासवर्ड मी माझ्या टीव्हीत टाकला. गरज होती असं नाही, हाताला लागलं म्हणून घेतलं. बायकोला सांगितलं, भाऊंनीच आग्रह केला.

आता भाऊंची एक सवय होती. सकाळी चहाआधी ते टॅब उघडून पाणवठ्यावर कोण कोण आलंय ते बघत. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून जनावरं मोजायची, हे त्यांनी नोकरीभर केलं होतं, आणि ती मोजणी त्यांच्या अंगातून गेलीच नव्हती. एका सकाळी ते कुंपणापाशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सर, एक अनोळखी जनावर येऊन राह्यलं."

माझ्या हातातला ब्रश तोंडातच राहिला.

"नाव नाई सांगत. नुसते पट्टे दिसते."

"काहीतरी तांत्रिक असेल," मी फेसातून म्हणालो.

तेव्हापासून रोज सकाळी मला खबर मिळू लागली. "नर आहे, सर. वयात आलेला. आळशी दिसते. जेवण झालं का येते अन् पाणी पिता पिता तिथंच झोपते." रात्री टीव्ही चालू ठेवून मला खुर्चीतच डोळा लागतो, ही गोष्ट माझ्या बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हती. "मॅच राह्यली का दिवसभर हटत नाई." आणि एकदा तर फार गंभीरपणे, "हप्ताभर आला नाई. बिमार पडला का काय कोण जाणे." त्या आठवड्यात मला ताप होता. भाऊ रोज पेजेचा डबा आणून देत होते, आणि माझ्या उशाशी बसून त्या जनावराची काळजी करत होते.

त्याचा माग काढायला ते टॅब हातात धरून अंगणात सरळ रेषेत चालत, दर काही पावलांवर थांबून रेंज बघत. मीही सोबत असे. जनावर मीच आणि मागावर निघालेल्याचा मदतनीसही मीच. एकदा घाबरून मी म्हणालो, "भाऊ, समोरचा टेलर असेल." बोललो आणि माझं मलाच कसंतरी झालं. टेलर बिचारा साध्या फोनवाला.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "त्याच्याकडं तर बटणाचा फोन आहे, सर. त्या गरिबावर कायले घेता."

"मग ब्लॉक करून टाकू. करता येतं."

"नाई नाई. पाणवठ्यावरून हाकललं का जनावर गावात शिरते, कोणाच्या विहिरीत पडते. आपण मोजाले बसलो, हाकलाले नाई."

मी सुटलो असं मला वाटलं. पण रविवार राहिला होता. सम्यकाच्या फोनचा कार्यक्रम ठरलेला असे. ती एकेका जनावराचं नाव घ्यायची आणि आबांनी त्याचा आवाज काढायचा. वानर, चितळ, रातवा पाखरू. सगळ्यात शेवटी सांबर. वाघ दिसल्यावर सांबर जो घुमारा देतं तो भाऊ असा काढत की आमच्या घरातली मांजर पलंगाखाली जाई. पण त्या उन्हाळ्यात सांबर निघेचना. इकडे मी जेवून मॅच लावायचो, तिकडे भाऊ तोंडाचा चंबू करून जागच्या जागी गोठायचे. सम्यकाला आधी गंमत वाटली. मग ती म्हणू लागली, "आबा पुन्हा तुटले." मग ती टॅबपाशी येईचना. कल्पना सांगायची, झोपली आहे, खेळायला गेली आहे.

एका रविवारी मॅचच्या मध्यंतरात मी बाहेर आलो, तर भाऊ ओट्यावर बसले होते. टॅब बाजूला उपडा ठेवलेला.

"झाला फोन?"

"लवकर झाला." मग म्हणाले, "पोरगी मोठी होऊन राह्यली, सर. तिले आता जनावरं नाई आवडत."

आत माझ्या टीव्हीवर जाहिरात सुरू होती, ती मला तिथपर्यंत ऐकू येत होती. मी म्हणालो, "भाऊ, ते जनावर मी आहे."

मग पट्ट्यांपासून पासवर्डपर्यंत मी सगळं सांगितलं, टेलरचंही. आयुष्यात मी एका दमात इतकं बोललो नव्हतो. संपल्यावर भाऊंनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, ताटातला शेवटचा घास कुणी उचलून नेल्यावर दिसते तशी निराशा होती.

"सांगून टाकलं?"

"म्हणजे तुम्हाला..."

"दुसऱ्या हप्त्यातच समजलं होतं. तुमच्या भितीपाशी आलं का रेंज नाई बदलत, तुमचा चेहराच बदले." उसासा टाकून म्हणाले, "वाघ कुठी राह्यते हे माहीत असणं वेगळं, सर. वाघानं येऊन 'मीच वाघ' म्हणाचं नसते. मजा जाते."

"पण मग सम्यकाचा फोन..."

"ते नव्हतं माहीत." आता मात्र ते माझ्याकडे नीट बघू लागले, आधी मीटर बघावा तसे, मग पोटाकडे. "तुम्ही एवढं पिता हे नव्हतं माहीत."

मी त्याच आठवड्यात स्वतःचं कनेक्शन घेतलं. पुढच्या रविवारी भिंतीपलीकडून सांबर असं घुमलं की मांजर दिवसभर जेवायला आली नाही, आणि त्यामागोमाग टॅबमधून त्या पोरीची किंकाळी आणि मग हसणं. बायको म्हणाली, "आज काय झालं भाऊंना?" मी म्हणालो, "नेट सुधारलं." खरं म्हणून तिला अजून एवढंच सांगितलेलं आहे.

इथं संपलं असतं तर बरं दिसलं असतं. पण पाणवठा मोकळा झाला आणि भाऊ सुकत चालले. रविवारचं रविवारी, बाकी सहा दिवस काय? सकाळी कुंपणापाशी येणं बंद झालं. टॅब उघडत, त्यात स्वतःचा फोन आणि स्वतःचा टॅब, मोजून झालं की बंद करत. चहा पण उशिरा करू लागले. माझ्या चपलेकडे बघून एकदा काहीच बोलले नाहीत, तेव्हा मला धसका बसला. मी मुद्दाम पानठेल्यावरून चिखल तुडवत आलो होतो.

मग मी पुन्हा खोटेपणा केला. आणि कबूल करायचं म्हणून बसलो ते खरं तर हे. बायकोचा एक जुना फोन कपाटात पडला होता. तो चार्ज करून, भाऊंच्याच पासवर्डनं, मी त्यांच्या पाणवठ्यावर सोडला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. नुसता उशाशी पडून राही.

दुसऱ्या सकाळी चहाआधीच कुंपणापाशी खाकरणं ऐकू आलं.

"सर. नवीन आहे."

"काय सांगता."

"मादी वाटते. भित्री. येते, घोटभर पिते, लगेच निंगून जाते."

"आता ही कोण?" मी ब्रश करत होतो, त्यामुळे चेहरा लपला.

"शोधू ना," भाऊ म्हणाले, आणि किती दिवसांनी हात मागे बांधून अंगणातली ती सरळ रेषा चालायला लागले. तिला नावसुद्धा दिलं त्यांनी, लाजरी. लाजरी आज दोनदा आली, लाजरी आज आलीच नाही. ती आली नाही की मी घाईनं फोन चार्जिंगला लावायचो. दीड वर्ष मी त्या मोडक्या फोनची अशी सेवा केली जशी शाळेतल्या मुलांची कधी केली नाही.

मग भाऊंचे गुडघे गेले आणि कल्पना त्यांना पुण्याला न्यायला आली. गाडी दारात उभी असताना त्यांनी मचाणासकट राऊटर उचलून माझ्या ओट्यावर आणून ठेवला. सुतळी नवी बांधली होती.

"पाणवठा तुमच्याकडं," म्हणाले. "लाजरीले पाणी देत जा."

"देतो, भाऊ."

"म्हातारी झाली आहे ती, सर. बॅटरी धरत नाई तिची. चार्जरलाच राहू देत जा."

मी काही बोलायच्या आत ते गाडीकडे निघाले होते. जाताना एकदा माझ्या दारातल्या चपलांकडे बघितलं आणि कल्पनाला काहीतरी सांगितलं. ती हसली. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

आता मचाण माझ्या कपाटावर आहे. लाजरी तिथेच शेजारी, चार्जरला लावलेली. रविवारी दुपारी मी टीव्ही बंद करतो आणि पुण्याहून फोन येतो. सम्यका हल्ली स्वतः सांबर काढते, आबांच्या निम्म्यानंही घुमत नाही, पण मांजर अजून पलंगाखाली जाते. तिच्यामागून भाऊंचा चेहरा पुढे येतो, आणि माझी तब्येत विचारण्याआधी ते विचारतात, "आली होती का?"

"आली होती," मी सांगतो. "घोटभर पिऊन गेली."