तार दिसते रे!
काळ्या बूटपॉलिशचा वास आला की मला मालाडचं ते थिएटर आठवतं. बाबा गोरेगावच्या स्टुडिओत उडणाऱ्या हिरोची तार ओढायचे आणि ती चमकू नये म्हणून तिला पॉलिश फासायचे. त्यांचा पहिला हिरो उडाला तेव्हा पब्लिकने शिट्ट्या मारल्या होत्या. तीन-चार वर्षांनी व्हिडिओवर इंग्रजी पिक्चर बघून तेच पब्लिक शहाणं झालं. नवा हिरो उडताच कुणीतरी ओरडलं, "तार दिसते रे!" सगळं थिएटर हसलं. ओरडणारी मीच होते, मैत्रिणींसमोर भाव खायला. शेजारी बसलेल्या बाबांनी काळी बोटं मुठीत लपवली. "दिसते खरी," एवढंच म्हणाले. काल टीव्हीवरच्या उडत्या हिरोला बघून नातू म्हणाला, "किती फेक आहे गं, आजी!" एक मुस्काटात ठेवून द्यावीशी वाटली. त्याच्या नव्हे, तेव्हाच्या माझ्या.