पभ्याने न दाखवलेला शेवट

सुरेशचा फोन आला तेव्हा मी आधीच चिडलेलो होतो. रविवारी दुपारी सौंसरला, पभ्याच्या घरी, तो सिनेमा एकदाचा शेवटापर्यंत पाहायचा असं ठरलं होतं, आणि शनिवारी सुरेशचा फोन म्हणजे ठरलेलं मोडलं, हे मला पाठ झालं होतं. “रविवारचं राहिलं, भाऊ,” तो म्हणाला. “आता कोणता बहाणा काढला त्यानं?” मी ओरडलो. सुरेश म्हणाला, “पभ्या गेला. सकाळीच. छातीत दुखते म्हणे, अन् बसल्या जागीच.” प्रभाकर, आमचा पभ्या, शाळेपासूनचा माझा मित्र. जाता जाताही मला त्याच्यावर ओरडायला लावून गेला. कित्येक आठवडे झाले, माझा राग अजून उतरलेला नाही.

सिनेमा परदेशी, हिंदीत डब केलेला, अंतराळात भरकटलेल्या यानाचा. कॉलेजात असताना पभ्या, मी आणि लोधीखेड्याचा सुरेश सौंसरहून बसने पांढुर्ण्याच्या टॉकीजला तो पाहायला गेलो होतो. यानात उरलेला एकटा माणूस पृथ्वीच्या दिशेने यान वळवतो, इंजिन सुरू करतो... आणि पडदा काळा. आम्ही भारावून बसून राहिलो. काय शेवट केलाय! बाहेर आलो तर अख्ख्या बाजारात लाईट नव्हती. म्हणजे सिनेमा संपलाच नव्हता, लाईट गेली होती. लाईट यायची वाट पाहावी तर सौंसरची शेवटची बस चुकणार. त्या बसमध्येच पभ्याने निकाल देऊन टाकला, “यान काही वापस येत नाही. अंधारातच जाते. लिहून घे, मधू.” मी म्हटलं, येतं. येतंच.

बस, त्यावर आमची आयुष्यं गेली. पभ्या पुढे गणिताचा मास्तर झाला आणि मास्तर झाल्यावर तर काही सोयच उरली नाही. साध्या कॅरममध्ये जिंकला तरी आठवडाभर गावाला सांगत फिरायचा. मीही हटणारा नव्हतो. माझा मोठा भाऊ, आम्ही सिनेमा पाहिला त्याच्या आदल्या वर्षी, कामाच्या शोधात पांढुर्ण्याहून रेल्वेत बसला, तो आलाच नाही. आई वाट पाहून गेली, मीही पाहतोच आहे. त्याचा या सिनेमाशी काडीचा संबंध नाही. सुरेशने एकदा तसं सुचवलं तेव्हा मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो. मधे एकदा कॅसेट मिळवली, तर व्हीसीआरने नेमकी शेवटालाच फीत चावली. मोबाईल आले तेव्हा पभ्याने आम्हा दोघांना शपथ घातली: शेवट कुठे शोधायचा नाही, वाचायचा नाही, पाहू तर तिघं मिळून.

आणि मग त्या सिनेमाची स्वच्छ केलेली, संपूर्ण प्रत डिस्कवर निघाली. पभ्याच्या पुतण्याने ती बाहेरदेशातून आणून दिली. आता तरी पाहायची ना? नाही! आधी चर्चा. सुरेशचं म्हणणं, रंग फार चकचकीत केलेत, टॉकीजमध्ये यान मातकट होतं. मला हिंदी आवाज नसल्याचं दुःख. पभ्याने तर डिस्कच्या डबीवरचा मजकूर चष्मा लावून आम्हाला तीन वेळा वाचून दाखवला. मग बहाणे सुरू झाले. टीव्ही लहान आहे, नवा घेऊ. बागेत संत्र्याचा तोडा चालू आहे. आज सुरेश नाही, आज पाहुणे आहेत. एकदा बराचसा सिनेमा पाहून झाला आणि यान वळायच्या जरा आधी हा गृहस्थ रिमोट घेऊन उठला. म्हणे, डोकं दुखते. मी चहा न पिता निघालो. “घाबरून राहिला तू! हरशील म्हणून दाखवत नाहीस!” हे मी फाटकातून ओरडलो. तो नुसता हसला. तेच आमचं शेवटचं बोलणं; पुढचा रविवार ठरला तोही सुरेशमार्फत.

तेरवीनंतर सुरेश आणि मी त्याच्या घरी गेलो. सुमनवहिनींनी ती डिस्क माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, “वहिनी, बिचाऱ्याचा सिनेमाचा शेवट पाहायचा राहूनच गेला.”

“कायचा राहिला, भाऊजी?” वहिनी म्हणाल्या. “आली त्याच दिवशी एकटेच बसून पाहिला त्यांनी. मले म्हणे, यान वापस नाही येत, मीच बरोबर होतो. पण मधूले सांगू नोको. त्याले अजून वाटते का त्याचा भाऊ येईन. मी म्हटलं, मंग किती दिवस टाळसान? त म्हणे, जमन तेवढे.”

सुरेश खाली मान घालून बसला. शपथ घालणारा हा, आणि मोडणाराही हाच! उभ्या जन्मात जी पैज जिंकायची होती ती जिंकला, आणि एक अक्षर बोलला नाही. वर माझ्याकडून भित्रा म्हणवून घेतलं. मला इतका राग आला, की वहिनींसमोर मी लहान पोरासारखा रडलो.

डिस्क आता पांढुर्ण्याला माझ्याकडे आहे. यानाचं काय होतं ते मला कळलेलं आहे, तेव्हा पाहायला काहीच हरकत नाही. सुरेश दर शनिवारी फोन करतो. “उद्या येऊ का, भाऊ? पाहून टाकू.” गेल्या शनिवारी मी त्याला सांगितलं, गुडघा दुखून राहिला. त्याआधी म्हटलं, नातू आलाय, कार्टून सोडत नाही. काल मात्र तो भडकला.

“एक गेला त आता तू सुरू झाला काय?”

मी म्हटलं, “पुढच्या रविवारी नक्की.”