बैलाचे सुळे

लेखी परीक्षा पास झाल्याचं कळलं आणि तेव्हापासून माझं बूड एका जागी टिकेना. जंगल खात्यातल्या अधिकाऱ्यांच्या जागा होत्या, माझा विषय प्राणिशास्त्र. आता तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती, आणि तीत म्हणे टेबलावर हाडं मांडून ठेवतात, एकेक हातात देतात आणि विचारतात, हे कुणाचं, कुठलं, कशावरून ओळखलंत. पुस्तकातलं मला सगळं पाठ होतं. पण कॉलेजात असेपर्यंत हाड हातात घ्यायची वेळ कधी आली नव्हती. पुण्याच्या आमच्या कॉलेजात कवट्यांचं एक कपाट होतं, त्याला कुलूप होतं, आणि किल्ली ज्या सरांकडे होती ते कुणावर विश्वास टाकणाऱ्यांतले नव्हते. घोडा, कुत्रा, गाय, सगळ्यांचं दर्शन काचेतून. लांबून दर्शन घ्यायची आमच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, त्यामुळे मीही कधी तक्रार केली नाही.

बी.एस्सी. झाल्यावर वसतिगृह सुटलं होतं आणि मी घरी येऊन राहिलो होतो. आमचं गाव विंझरच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला. वस्ती गावापासून जरा हटून. घरात बसून वाचायला लागलो की दोन पानांत पाय वळवळायला लागायचे, मग पुस्तक घेऊन रस्त्यानं चालत सुटायचो. तोंडानं लॅटिन नावं चालू. समोरून येणारी बाई डोक्यावरचा भारा सांभाळत कडेला व्हायची आणि आईला येऊन सांगायची की पोराला कुणाला तरी दाखवा. आई म्हणायची, दाखवणारच आहे, पण आधी साहेबाला दाखवू. परीक्षेची तारीख जवळ येत होती, माझं वय वाढत होतं, पुढच्या खेपेला अर्ज भरता येईल की नाही याची खात्री नव्हती. एवढंच डोक्यात. भाकरी खाताना तिची चव लागत नव्हती.

आधी मी जिवंत जनावरांवर हात मारून पाहिला. डोंगरावर धनगरांचा वाडा होता, तिथं जाऊन एका म्हाताऱ्याच्या शेळ्यांची तोंडं उघडून दात मोजायला लागलो. दोन-तीन शेळ्या त्यानं सोसल्या. मग विचारलं, शेळी घ्यायचीय का? मी म्हटलं, नाही, नुसते दात बघतोय. तो म्हणाला, गिऱ्हाईक नसताना दात बघणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला, आणि काठी हातात घेतली. मी उतरलो. तसंही शेळीच्या हलत्या तोंडात मागच्या दाढा दिसत नाहीत, जीभ मध्ये येते आणि बोट चावलं जातं ते वेगळंच.

कवटी पाहिजे होती. आणि कवट्या कुठं आहेत हे मला चांगलं माहीत होतं. गावाच्या पलीकडं एक घळ आहे. गावातलं मेलेलं जनावर तिथं नेऊन टाकतात. पूर्वी ते ओढून नेण्याचं काम आमच्या लोकांकडे होतं. मी लहान होतो तेव्हा वस्तीनं बुद्धाचा मार्ग धरला आणि त्याच बैठकीत ठरलं की उद्यापासून मेलेल्या जनावराला कुणी हात लावायचा नाही. उठून पहिल्यांदा हे बोलले ते आमचे आबा, म्हणजे माझे वडील. गावाला ते झोंबलं. गिरणीवाल्यानं आमचं दळण घ्यायचं बंद केलं, शेतावरची कामं बंद झाली. तो पावसाळाभर आई दळण डोक्यावर घेऊन विंझरला जात होती, मी तिच्याबरोबर असायचो, आणि पोत्यावर घोंगडं टाकलं तरी पीठ ओलंच घरी यायचं. पण वस्ती हटली नाही. शेवटी ज्याचं जनावर तो आपल्या बैलजोडीनं ओढायला लागला. गिरणी सुरू झाली. त्यानंतर आमच्यातलं कुणी त्या घळीच्या वाटेला गेलं नव्हतं.

मी गेलो. भर दुपारी, खांद्यावर गोणपाट टाकून. मनात म्हटलं, आपण शास्त्र शिकायला चाललोय, त्याचा याच्याशी काय संबंध? एका बैलाची कवटी मिळाली, ऊन-पावसानं पांढरी पडलेली. खालचा जबडाही मिळाला, पुढचे दात ढिले झालेले पण सगळे जागेवर. एवढा आनंद मला लेखीच्या निकालानंही झाला नव्हता. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घेतलं, धुण्याचा सोडा टाकला आणि घरामागं चुलवण पेटवलं. आई शेतावरून आली, डब्यात वाकून पाहिलं, आणि पाण्याची घागर उचलून आत नेऊन ठेवली. आई गप्प राहिली की मला जास्त राग यायचा. मी तिला शास्त्र म्हणजे काय यावर बरंच काही ऐकवलं. ती म्हणाली, आबांना सांग हे.

आबा तेव्हा पानशेतच्या बाजूला रस्त्याच्या कामावर होते, आठवड्याला घरी यायचे. ते येईपर्यंत मी तो जबडा बोटांनी पाठ केला. बैलाला वरचे पुढचे दात नसतात हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. खाली पुढं आठ असतात हेही. पण त्या आठांतले कडेचे दोन हे पुढचे दात नव्हेतच, ते सुळे आहेत, पुढच्या दातांच्या रांगेत येऊन बसलेले, त्यांच्यासारखेच दिसणारे. पुस्तकात हे एका ओळीत होतं आणि मी ती ओळ ओलांडून पुढं गेलो होतो. हातात आल्यावर कळलं. दात सुटू नयेत म्हणून मी ते दोऱ्यानं बांधून टाकले.

आबा आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी, गावातला एक मोठा शेतकरी आमच्या दारात येऊन उभा राहिला. आमच्या शेजारचे चुलते त्याच्याच शेतावर मजुरीला जात. त्यानं आबांना 'तुमी' म्हटलं, त्यावरूनच काहीतरी काम आहे हे आईनं ओळखलं. त्याची गाय गोठ्यात मरून पडली होती. त्याचा एक बैल लंगडत होता, म्हणून जोडी जुंपता येत नव्हती. इकडंतिकडं बघत तो म्हणाला, तुमचा पोरगा घळीतनं हाडं आणतो असं ऐकलं. शिकलेल्या पोराला चालतं, मग बाकीच्यांना न चालायला काय झालं? चार माणसं द्या, गाय तेवढी हलवू.

वस्तीतली दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं होतं. चुलते तर अंगणातच आले होते. त्यांच्या तोंडाकडं बघून मला कळलं, त्यांना नाही म्हणता येणार नव्हतं. ज्याच्या बांधावर रोज पोट भरायचं त्याला नाही कसं म्हणायचं? मला तोवर सुचलंच नव्हतं की गोणपाट खांद्यावर टाकून मी एकटा गेलो, पण माझ्या मागून सगळी वस्ती ओढली जाणार आहे.

आबा उठले. घरामागं गेले, कवटी आणि जबडा दोन्ही हातांत घेऊन आले आणि ओट्यावर ठेवले. मला म्हणाले, सांग हे काय आहे. मी सांगायला लागलो. सगळी इंग्रजी नावं सांगितली, दातांचं गणित सांगितलं, सुळे दाखवले. शेतकरी बघत राहिला. मग आबा त्याला म्हणाले, "ह्याला हे शिकायचंय, म्हून ह्यानं आणलं. तुमाला गाय शिकायची आसंल तर बसा, ह्यो शिकवील. वढायची आसंल तर गाय तुमची हाय."

तो गेला. चुलत्यांकडं मात्र जाताना बघून गेला.

मला वाटलं, जिंकलो. मी कवटी उचलून आत न्यायला लागलो तर आबांनी मनगट धरलं. दिवस मावळायच्या आत हे मातीत गेलं पाहिजे म्हणाले. मी भडकलो. मला कॉलेजात घातलं कुणी? तुम्हीच ना? मग आता परीक्षा तोंडावर आली असताना हे काय? गावाला घाबरायचं होतं तर एवढं बोललात कशाला? असं बरंच बोललो, सगळं आठवत नाही. माझं बोलून संपलं तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "म्या एकाला बोललो. उद्या ते दुसऱ्याच्या दारात जातील. सगळ्यास्नी आसं बोलता यायचं न्हाई."

मी दिवसभर तो जबडा हातातून सोडला नाही. जेवायला उठलो नाही. ऊन कलल्यावर ओढ्याच्या काठाला खड्डा खणला आणि पुरून टाकलं. आबांचा राग मला त्या क्षणीही होता, आणि त्यांचं खरं आहे हेही कळत होतं. दोन्ही एकाच वेळी पोटात असलं की माणसानं करायचं काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी फक्त चालत राहिलो, पुस्तक न घेता.

तोंडी परीक्षा पुण्यात झाली. टेबलामागं तीन साहेब. सगळं इंग्रजीत चाललं होतं. मधल्या साहेबांनी फडक्याखालून गाईगुरांतलाच एक खालचा जबडा काढला, माझ्या हातात दिला आणि विचारलं, सुळे दाखवा. बाकीच्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की प्रश्नात मेख आहे हे उघड होतं. मी जबडा नीट पाहिलाही नाही. कडेच्या दोन दातांवर बोट ठेवलं. साहेब खूश झाले. म्हणाले, फार थोड्यांना येतं हे, कुठं शिकलात? मी म्हणालो, घरी, गावी. त्यांनी समोरच्या कागदावर माझं आडनाव पाहिलं, गावाचं नाव पाहिलं, आणि इतका वेळ इंग्रजी बोलणारा तो माणूस हसून, अगदी गोड मराठीत म्हणाला, "हो, तुमच्याकडे हे परंपरेनंच आलेलं असणार."

त्याच्या मनात वाईट नसावं. कौतुकच करत होता बिचारा. म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. मी जबडा टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "नाही साहेब. परंपरेनं नुसतं ओढणं आलं असतं. ते वडिलांनी सोडलं, म्हणून मला हे शिकता आलं." मग तिसऱ्या साहेबांनी इंग्रजीत बेडकाविषयी काहीतरी विचारलं आणि मी उत्तर दिलं.

ती नोकरी मला मिळाली नाही. त्या उत्तरामुळं की बेडकामुळं, मला सांगता येणार नाही. पण हे पुढं कळलं. त्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं मी घरी आलो तेव्हा आबा मुद्दाम काम सोडून येऊन बसले होते. मी पाणीही न पिता, उभ्या उभ्या झालं ते सगळं सांगितलं. आबा ऐकत होते. संपल्यावर ते उठून बाहेर गेले आणि चुलत्यांना हाताला धरून घेऊन आले. गाईचा तो प्रकार झाल्यापासून चुलत्यांचं त्या शेतावरचं काम बंद झालं होतं आणि ते आमच्याशी बोलत नव्हते. ते भिंतीला टेकून, खाली बघत बसले.

आईनं विचारलं, "आन नोकरी?"

मी म्हणालो, बहुतेक गेली.

"आसू दे," आबा म्हणाले. "ते साहेबाला काय बोललास, ते ह्यास्नी सांग."