स्क्रीनवरचे जोडलेले हात

स्टिकरच्या गोंदाचा तो गोडसर वास आला की मला आजही किळस येते. धुळ्यात आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराला लागून अभ्यासिका होती, तिला एका पुढाऱ्याने टॅबलेट भेट दिला होता. तो सुरू केला की आधी हात जोडलेला पुढारी दिसायचा, मग त्याची भाषणं, मग रमीच्या जाहिराती. पोलीस भरतीची तयारी करणारी एक पोरगी वैतागून अहिराणीत म्हणाली, "दादा, बठ्ठा फोटोच शे यामा, अभ्यास कसा करू?" म्हणून एका रविवारी, तापलेल्या पत्र्याखाली घाम पुसत, मी टॅबलेट लॅपटॉपला जोडला, आतलं सगळं पुसून टाकलं आणि मोफत मिळणारी, कुणाच्याही मालकीची नसलेली ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. कोरी, स्वच्छ स्क्रीन उघडली आणि पोरी लगेच सराव पेपर सोडवायला बसल्या. दोन-चार दिवसांत पुढाऱ्याचा माणूस गुटखा चघळत आला. "भाऊंचा फोटो कुठे गेला?" मी समजावायला लागलो, तर आमच्याच विहार समितीचे आबा हात जोडून मध्ये पडले, "चुकलं साहेब, आत्ता लावतो." त्या माणसाने खिशातून हात जोडलेल्या पुढाऱ्याचा स्टिकर काढून दिला. "आबा, निदान मागच्या बाजूला लावा," मी म्हणालो. "मागे कोण पाहतं?" म्हणत आबांनी तो अंगठ्याने दाबून दाबून थेट स्क्रीनवर चिकटवला, त्या पोरीचा अर्धा प्रश्न त्याखाली गेला. काल माझ्या फाटकावर कुणीतरी तसलाच स्टिकर लावून गेलं. नखांनी खरवडला. तोंड निघालं, जोडलेले हात काही निघत नाहीत.