पाडलेली भिंत

दुपारचं जेवण झालं की मी दिगंबरच्या खोलीतल्या दिवाणावर आडवा होतो. आजही झालो आहे. डोळे मिटलेत, पण कान अजून घरातच आहेत. स्वयंपाकघरात माझी सून मृणाल भांडी पालथी घालते आहे. खाली सोसायटीच्या फाटकाशी भंगारवाला ओरडून जातो. माझ्या छातीवर एक कोरं कार्ड आहे, रुंद निळ्या फितीत अडकवलेलं, गळ्यात घालायचं. त्यावर नाव लिहायला जागा मोकळी सोडली आहे.

"पाचला निघायचंय, आण्णा," मृणाल सकाळी म्हणाली. "यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी काही बोलणार नाही."

माझा मुलगा दिगंबर सॉफ्टवेअरचा आर्किटेक्ट होता. गेल्या श्रावणात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, जिना चढताना छाती धरून बसला तो उठलाच नाही. पुण्यातल्या प्रोग्रामर लोकांचा त्याने एक गट जमवला होता. महिन्यातल्या एका शनिवारी हे लोक एका कॉलेजच्या हॉलमध्ये जमतात आणि एकमेकांना आपल्या कामातल्या गोष्टी मराठीतून सांगतात. आज त्यांची वर्षाची मोठी सभा आहे, दिगंबरच्या नावाने; छातीवरचं कार्ड तिथलंच, मृणालने आणलेलं. त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत आहे की दिगंबरचे वडील तो अकरावीत असतानाच वारले. त्यानेच सांगितलं आहे त्यांना. स्टेजवरून, सात वर्षं.

मी सोपान ताटे, करमाळ्याचा गवंडी. वय एकाहत्तर. तो वारलेला बाप मी.

हे मला कळलं ते वाचायला आल्यामुळे. फुटपट्टीवरचे आकडे मला पहिल्यापासून यायचे, अक्षर येत नव्हतं. तो गेल्यावर मृणालने मला करमाळ्याहून पुण्याला आणलं आणि दुपारी रिकामा बसलेला बघून अक्षरं शिकवली. बाराखडी झाली, समोरच्या दुकानांच्या पाट्या झाल्या. मग तिच्या मोबाइलवर दिगंबरचं एक भाषण होतं, त्याच्याखाली लोकांनी चार-चार ओळी लिहिल्या होत्या, त्या मी रोज दहा-दहा वाचायला लागलो. पोराबद्दल लोक चांगलं लिहितात, बोट ठेवून वाचायला बरं वाटायचं. एके दिवशी बोटाखाली हे आलं: 'ज्या बापाने चुकलेली भिंत पाडली, तो बाप आज वर आपल्या मुलाला भेटला असेल.'

मी तीनदा वाचलं. शिकाऊ माणूस आहे, चुकलो असेन असं वाटलं. मग भाषण लावून ऐकलं. चुकलो नव्हतो.

"मला माहीत होतं, आण्णा," मृणाल म्हणाली होती. "मी भांडले त्याच्याशी. दोन दिवस बोलले नव्हते." आणि मग, खाली बघून, "मला वाटलं, तुमच्यापर्यंत कधी पोचणार नाही."

भांडी वाजायची थांबली आहेत.

दिवाणाच्या पायथ्याशी दिगंबर बसलेला आहे. मांडीवर तो कॉम्प्युटर, झाकणावर रंगीत चिकट्या लावलेला. मी कधी पुण्याला आलो की रविवारी सकाळी बसायचा तसाच, पाठ वाकवून. रविवारी तो ओळख ना पाळख अशा लोकांनी लिहिलेलं काम तपासून द्यायचा. लाल ओळ म्हणजे काढलेलं, हिरवी म्हणजे नवीन घातलेलं, हे त्याने मला एकदा दाखवलं होतं.

"का रं, जेवलास का?" मी विचारतो. मेलेल्या माणसाला विचारायची ही गोष्ट नव्हे. पण तोंडात तेच येतं.

"जेवलो. आण्णा, एक मिनिट. नागपूरच्या एक बाई आहेत, त्यांनी फार नीट लिहिलंय. एवढं बघून घेतो."

"मेल्यावर बी लोकाचंच बघतोस?"

"मेल्यावर कुणी मीटिंग लावत नाही. वेळच वेळ असतो."

मी हसतो. मग हसल्याचा राग येतो. तो ज्या लाल ओळींवर बोट फिरवतो आहे त्या ओळी जाड व्हायला लागल्या आहेत. एकावर एक थर बसतो आहे आणि मधल्या सांध्यांतून ओला माल बाहेर येतो. विटा आहेत. मी परांचीवर उभा आहे, पायाखाली बांबू करकरतात आणि दिगंबर माझ्या शेजारी, इस्त्रीचा सदरा घालून, खाली पाय सोडून बसला आहे.

ही भिंत मी ओळखतो. वडगावच्या शाळेच्या व्हरांड्याची भिंत.

"मला का मारलंस, दिगू?"

तो खाली बघतो. "लगेच तिथंच आलात?"

"मग कुठं येऊ? मी हितं जिता हाय. करमाळ्यात रोज चावडीपर्यंत चालत जायचो. तू दर दिवाळीला येऊन माझ्या ताटात जेवलास. आन् हितं येऊन सांगितलंस, बाप वारला."

"एकदा निघून गेलं तोंडातून."

"सात वर्सं निघत व्हतं?"

त्याच्या गळ्यात निळ्या फितीचं कार्ड आहे. मला आता वाचता येतं, हे त्याला माहीत नाही. मी पुढे वाकून वाचतो: दिगंबर ताटे.

"मधलं नाव कुठाय?"

तो दचकतो. "तुम्हाला वाचता येतं?"

"मधलं नाव, म्हटलं."

"कार्डावर जागा कमी असते, आण्णा."

"माझ्यापुरतीच कमी पडली व्हय?"

परांची संपते तिथे खुर्च्या सुरू होतात. लोखंडी, दुमडायच्या, रांगेने लावलेल्या. सगळ्या खुर्च्यांवर माणसं आहेत, तरणी, चष्म्याची, मांडीवर पिशव्या घेतलेली. कुणी आमच्याकडे बघत नाही. मागच्या टेबलावर चहाचं पिंप आहे आणि पिंपाशेजारी सिमेंटचं घमेलं. समोर पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, मी अक्षर अक्षर जोडून वाचतो: चुकांचा तास.

हा तास दिगंबरनेच सुरू केलेला. मृणालने मला सांगितलं आहे. सभेत शेवटी एक-एक माणूस उभा राहतो आणि कामात केलेली, लपवलेली एक चूक सांगतो. नियम दोनच. कुणी हसायचं नाही आणि कुणी शहाणपण शिकवायचं नाही. सांगून झालं की बाकीच्यांनी एवढंच विचारायचं, "कधी कळलं?"

दिगंबर स्टेजवर आहे. मी पहिल्या रांगेत बसलो आहे, पण माझी खुर्ची रिकामी दिसते. हात ठेवला की मांडीऐवजी थंड पत्रा लागतो.

त्याच्या हातात माझा ओळंबा आहे. पितळी, भिंतीचा सरळपणा बघायचा, बुडाला एका बाजूने चेचलेला. परांचीवरून पडला होता तेव्हाचं आहे ते. सुती दोरीची गाठ मी मारलेली. बारा वर्षांपूर्वी तो सापडेना म्हणून मी सगळं घर उलटंपालटं केलं होतं. दिगंबरलाही विचारलं होतं. "मी कशाला नेऊ, आण्णा?" म्हणाला होता.

"माझे वडील गवंडी होते," स्टेजवर तो सांगतो. "सही करता येत नव्हती. एका शाळेची भिंत बांधली, ओळंबा लावला, तर भिंत दहा सूत बाहेर. म्हणजे सव्वा इंच. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. सगळे म्हणाले, गिलाव्यात मारून ने, कुणाला कळतंय? वडिलांनी घण उचलला आणि नऊ थर पाडले. रात्रभर पुन्हा बांधले. आपण लोक काय करतो? वरून गिलावा. चूक तशीच आत. माझे वडील आज नाहीत. पण मी कोड लिहायला बसलो की ओळंबा ते धरतात."

लोक उभे राहतात. टाळ्या वाजतात. माझ्या शेजारचा माणूस डोळे पुसतो.

"खोटं हाय!" मी ओरडतो. "मी पाडली न्हवती!"

टाळ्या थांबत नाहीत. हॉल रिकामा होतो, आणि टाळ्या वाजतच राहतात.

आम्ही दोघे व्हरांड्यात आहोत. भिंत पांढरी, गुळगुळीत, नुकतीच गिलावा झालेली. खालच्या अंगाला गिलावा तीन बोटं जाड आहे, वर नखाएवढा. बाहेरून बघणाऱ्याला सरळसोट दिसते. मी थापी धरून उभा आहे आणि थापी ओली आहे.

"खरं काय झालं, ते तुला ठावं हाय," मी म्हणतो. "तू डबा घेऊन आलावतास त्या दिवशी."

"हो."

"मी गिलावा केला."

"हो. मी बघत होतो. ओळंबा तुम्ही खिशात घातलात, आणि मला म्हणालात, कुणाला बोलू नको."

तो हे रागाने म्हणत नाही, म्हणून जास्त लागतं. आपल्या बाजूने सारवासारव करावी असं माझ्या मनात येतं. सरपंच डोक्यावर बसला होता, मंडप उभा राहिला होता, माझ्या हाताखालच्या माणसाने दोरी सैल लावली होती. हे सगळं खरं आहे. पण भिंत माझी होती.

"पडली नाही ती," मी म्हणतो. "आजून उभी हाय."

"मला माहीत आहे. दरवर्षी बघून यायचो."

"तू?"

"दिवाळीला तुमच्याकडे यायच्या आधी. गाडी थांबवायचो. मागच्या, गिलावा नसलेल्या अंगाला ओळंबा लावायचो. दहा सूतच आहे. वाढलं नाही." तो भिंतीवरून हात फिरवतो. "म्हणून नेला होता तो. परत ठेवायचा राहिला."

मी ऐकून घेतो. पण विरघळत नाही. एवढ्या वर्षांत त्याने हे मला तोंडावर सांगायचं होतं. आण्णा, तुमची भिंत मी बघून येतो, मला तिची भीती वाटते. मी ऐकलं असतं. कदाचित रडलोही असतो. माझ्याशी बोलायचं सोडून तो दोनशे लोकांशी बोलला, आणि बोलण्यासाठी माझ्या जागी त्याने दुसराच एक बाप उभा केला. घण उचलणारा.

"तुला पाडणारा बाप पायजे व्हता," मी म्हणतो.

"हो."

"आन् खरा बाप जिता आसला तर कुणीतरी म्हणंल, बोलवा त्यांना, सत्कार करू. आन् म्हातारा स्टेजवर येऊन खरं बोलंल."

"तुम्ही बोलला असतात," तो म्हणतो. "तुम्हाला खोटं टिकवता येत नाही. गिलावा केलात त्या रात्री जेवला नव्हतात."

"म्हणून मारलंस."

"एकानं विचारलं, वडील आता काय करतात? सगळे बघत होते. मी म्हणालो, नाहीत. मेलेल्या बापाला कुणी काही विचारत नाही, आण्णा."

"बरोबर," मी म्हणतो. माझा आवाज मलाच परका वाटतो. "आता तू मेलास. तुला बी कुणी विचारणार न्हाई. आता त्या स्टेजवर मी उभा राहणार. आता तूच सांग, आर्किटेक्ट. बोट दाखवायचं तुमचं काम. तुझी भिंत वाकडी हाय. पाडू, का गिलावा करू?"

तो माझ्याकडे बघतो. वर, भिंतीच्या माथ्यावर बघतो. लहानपणी अडचणीत आला की करायचा तसं कान खाजवतो. मला वाटतं आता पाया पडेल, किंवा म्हणेल, जाऊ द्या आण्णा, झालं गेलं. मी त्याची वाट बघतो. तो सदऱ्याच्या खिशातून ओळंबा काढतो, माझा उजवा हात हातात घेतो आणि पहिल्या बोटाला दोरीचे दोन वेढे देतो, घट्ट. आम्ही गवंडी देतो तसे. मीच त्याला शिकवले होते.

"आवळतंय रं."

"सैल दिली की चुकतं. तुम्हीच म्हणायचात."

ओळंबा खाली जातो. हलतो, फिरतो, हळूहळू थांबायला लागतो. भिंत कुठे आहे ते आता दिसत नाही. पांढरं पांढरं नुसतं. फक्त दोरी आणि तिच्या टोकाला पितळ.

"कधी कळलं?" तो विचारतो. त्यांच्या सभेतल्यासारखं, हळू आवाजात.

मी त्याला सांगायला तोंड उघडतो. बोट ठेवून ठेवून वाचत होतो, त्या दुपारी.

"आण्णा."

मृणाल दारात आहे. साडी बदललेली, हातात गाडीची किल्ली. खिडकीतलं ऊन दिवाणावरून भिंतीवर चढलं आहे. "साडेचार वाजले. काही बोलत होतात झोपेत."

निळी फीत कार्डासकट खाली फरशीवर पडली आहे. चपटी फीत, दोन बोटं रुंद. मी ती उचलायला हात पुढे करतो आणि थांबतो. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर, मधल्या पेराखाली, दोन बारीक वळ आहेत. शेजारी शेजारी, खोल, लाल. दोरीचा पीळसुद्धा कातडीत उमटला आहे. बारा वर्षं झाली, मी ओळंबा हातात धरलेला नाही.

मृणाल वाकून बघते. "हे काय लागलं?"

"पेन दे."

"येताय?" ती पेन देते, पण सोडत नाही. "तिथं काय सांगणार, आण्णा?"

"माझी भिंत. वडगावची. तिथं तास असतो ना चुकांचा."

"आणि त्याचं?"

"आधी माझं," मी म्हणतो. "मग त्याचं. दोन्ही सांगणार."

ती पेन सोडते.

मी कार्ड गुडघ्यावर ठेवतो. पेन धरलं की वळ ठणकतात, म्हणून अक्षर आणखी सावकाश निघतं. सोपान मारुती ताटे. जागा उरते. तिच्याखाली, बारीक अक्षरात, एकही शब्द न गाळता मी लिहितो: दिगंबर सोपान ताटे याचा बाप.