दोन बाटल्या आणि उसनं नाक

सेंटच्या दुकानात ती चौदा वर्षं काउंटर सांभाळत होती. गिऱ्हाइकं तिला 'नाकवाल्या ताई' म्हणायची. तापातून उठून ती कामावर आली, सवयीने एक बाटली उघडली, तर काहीच नाही. पाणी हुंगल्यासारखं.

"येईल परत," डॉक्टर म्हणाले. "कधी, ते मात्र सांगता येत नाही."

घरच्यांशिवाय तिने कुणाला कळू दिलं नाही. घरी दूध करपलं तरी कळेना, म्हणून गॅसचं बटण तीन-तीनदा बघायची. दुकानात जुन्या बाटल्यांचं सगळं तोंडपाठ होतं, त्यावर निभत होतं.

थंडीच्या तोंडावर मालकीणबाईंनी दोन नव्या बाटल्या पुढ्यात ठेवल्या. "दोन्ही उबदार, दोन्ही गोड. एकच मागवायचीय. घरी ने, उद्या सांग. तुझ्या नाकावर माझा डोळे झाकून भरवसा."

तिने दोन्ही बाटल्या पर्समध्ये टाकल्या.

घरी नवऱ्याने, तो गॅरेजमध्ये मेकॅनिक, दोन्ही हुंगल्या. "ही गोड आहे."

"आणि ही?"

"हीपण गोडच."

"अहो, नीट सांगा ना!"

"अगं, माझं नाक ऑइलात मुरलंय. माझ्या बहिणीला विचार."

नणंद वरच्या मजल्यावर शिवणकाम करायची. तिने दोन मनगटांवर दोन सेंट लावले आणि दोन तास मशीन चालवली. मग म्हणाली, "वहिनी, पहिली व्हॅनिलाची. आधी छान वाटते, नंतर केक जास्त खाल्ल्यासारखं मळमळतं. दुसरीत मध आहे, जुन्या लाकडी कपाटाचा वास आहे. स्वेटरला लागली की टिकेल."

वहिनीने ते कागदावर उतरवलं आणि परीक्षेसारखं पाठ केलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी तिने सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. मालकीणबाई मान डोलवत होत्या. "मलाही मधाचीच आवडली. पण त्यात मागून काय येतं गं? लवंग का?"

हे नणंदेने सांगितलंच नव्हतं. 'हो' ओठांवर आलं होतं.

"बाई, मला वासच येत नाही. तीन आठवडे झाले. हे माझ्या नणंदेचं मत आहे."

मालकीणबाई स्टुलावर बसल्या. "आणि गिऱ्हाइकांना काय सांगत होतीस?"

"आठवेल ते."

"मला सांगायचं होतंस. मी काय खाल्लं असतं तुला?" त्यांचा आवाज चढला, मग उतरला. "काउंटर तुझंच. पण नव्या मालाबद्दल थापा नाहीत. नणंदेला दुपारी बोलाव."

मधाची बाटली मागवली गेली. नणंद आता आठवड्यातून एकदा येते, नाक वर करून बसते आणि शिवणाच्या गिऱ्हाइकांना हे कौतुकाने सांगते.

नाकवाल्या ताईचं स्वतःचं नाक अर्धंमुर्धं परतलंय. कॉफीला रबर जळल्याचा वास येतो. रोज सकाळी ती धास्तीने आधी साबण हुंगते. कधी येतो वास, कधी नाही.