फरसबी आणि न पडलेलं हिम

सतीश मुळे प्लॅनिंग इंजिनिअर. आधीचं काम संपल्याशिवाय पुढचं सुरू करायचं नाही, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यामुळे २००८च्या डिसेंबरात बुटक्या फरसबीच्या बियांच्या पाकिटावर 'शेवटचं हिम पडून गेल्यावर दोन आठवड्यांनी पेरा' असं वाचल्यावर तो हिमाची वाट बघत बसला. अबुधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीत! गच्चीतल्या कुंड्या माती भरून तयार होत्या.

मार्चमध्ये शेजारच्या झुबेदाभाभींना राहवेना. त्या मूळच्या रत्नागिरीच्या.

"सतीशभाऊ, इथे हिम फक्त फ्रीजरमध्ये पडतं."

त्याने निमूटपणे बिया पेरल्या. एप्रिलअखेर फुलं आली आणि उकाड्याने सगळी गळून गेली. एकही शेंग धरली नाही.

पुढच्या वर्षी त्याने हिशेब उलटा मांडला. इथे थंडी नव्हे, ऊन टाळायचं. पेरणी एक नोव्हेंबरला, पंचावन्न दिवसांनी म्हणजे सव्वीस डिसेंबरला पहिली तोडणी. तक्ता फ्रीजवर चिकटवला.

एक नोव्हेंबरच्या दुपारी कंपनीने त्याच्या हातात नोटीस ठेवली. टॉवरचं बांधकाम बंद, महिनाअखेर नोकरी खलास, परतीचं तिकीट चोवीस डिसेंबरचं. अकरा वर्षांची नोकरी. सतीशने सही केली, घरी आला आणि ठरल्याप्रमाणे बिया पेरल्या.

"अरे, सामान बांधायचंय आणि तू फरसबी काय घेऊन बसलायस?" छाया, त्याची बायको, वैतागली.

डिसेंबरात झाडं फुलली. फुलं टिकली, बोटाएवढ्या शेंगाही लटकल्या. मग मात्र सतीशने इस्त्रीचा शर्ट चढवला आणि एचआरच्या इद्रीसचं ऑफिस गाठलं.

"टिकट तीस तारीख का कर दीजिए. प्लीज."

"क्यूँ?"

"घर में फरसबी लगाई है. सव्वीस को निकलेगी."

इद्रीस त्याच्याकडे बघतच राहिला. "सर, नौकरी के लिए तो आप एक बार भी नहीं आये."

तिकीट तीसचं झालं.

सव्वीसला ओंजळभर शेंगा निघाल्या. छायाने ओलं खोबरं घालून भाजी केली. सतीशने पहिला घास घेतला आणि ताटावर मान खाली घालून तो हुंदके देऊन रडायला लागला.

"बाबा, इट्स जस्ट बीन्स," त्याची लेक इरा घाबरून म्हणाली.

छायाने तिला डोळ्यांनीच गप्प केलं आणि उरलेली सगळी भाजी त्याच्या ताटात वाढली. मीठ घालायचं राहून गेलं होतं. ते त्याने सांगितलं नाही.